एलोजीबाबांचं तबक

डॉक्टरांनी चाकू मागितला आणि मी तो जमिनीवर ठेवला.

ठाण्याला तलावाजवळ एक धर्मादाय दवाखाना होता, तिथला तो माझा तिसरा दिवस. टेबलावर कोलशेतचा एक मिठागरवाला पालथा पडला होता. मांडीला लिंबाएवढं गळू, दातांत धोतराचा बोळा. डॉक्टर भास्करराव गळवावर नजर रोवून उभे होते. त्यांनी मान न वळवता उजवा हात माझ्याकडे पसरला आणि म्हणाले, "चाकू." मी चाकू उचलला, वाकलो, त्यांच्या पायाशी फरशीवर पातं भिंतीकडे करून नीट ठेवला, आणि ते उचलतील म्हणून हात बांधून उभा राहिलो.

माझं काही चुकलं असं मला खरोखरच वाटलं नव्हतं. कल्याणला आमच्या घरात सुरी, कात्री, अडकित्ता अशी धारेची वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नसे. दिली की देणाऱ्याघेणाऱ्यांत भांडण लागतं. एकानं खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. माझ्या आईनं हे मला बोलायला शिकवण्याच्याही आधी शिकवलं होतं. मॅट्रिकला दोनदा आपटी खाऊन मिळालेली नोकरी, त्यात तिसऱ्याच दिवशी साहेबाशी भांडण कोण ओढवून घेईल?

डॉक्टरांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे काय?"

"चाकू."

"तो दिसतोय मला. खाली का?"

"भांडण होऊ नये म्हणून."

"अरे गाढवा, आता होणारच आहे!"

तेवढ्यात कपाटाजवळून एक उंच, वाळका म्हातारा पुढे आला. त्यानं दुसरा चाकू काढला, जंतू मारायच्या कारबॉलिकच्या पाण्यातून फिरवला, एका पितळी तबकात ठेवला आणि मूठ डॉक्टरांकडे येईल असं ते तबक त्यांच्या हाताखाली धरलं. डॉक्टरांनी चाकू उचलला. गळू फुटलं. मिठागरवाल्यानं बोळा थुंकून आम्हा तिघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळं आटोपल्यावर म्हातारा डॉक्टरांना म्हणाला, "पोराच्या आईचं बरोबर आहे, साहेब. फक्त जागा चुकली."

हे एलोजीबाबा.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे वाडवडील कुलाब्याकडे तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एलोजीबाबांनी घाणा सोडून पलटणीच्या दवाखान्यात उभी हयात घालवली होती आणि पेन्शनीत आल्यावर आमच्या दवाखान्यातली हत्यारं सांभाळायला घेतली होती. शुक्रवारी ऊन उतरलं की कपाटाची किल्ली डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून ते घरी जात. शनिवारी त्यांना कुणी हत्याराचं नावही विचारायचं नाही. रविवारी सकाळी आले की आधी कपाट उघडत, एकेका हत्यारावरून बोट फिरवत आणि म्हणत, "काल दिवसभर कुणी हाणलंय यांना?" बहुतेक वेळा मीच हाणलेलं असे.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी वाकत नसे. दिशा दाखवल्यासारखी कायम सरळ. मी एकदा धीर करून विचारलं.

"पलटणीत एका गोऱ्या डॉक्टरनं मला चाकू हातात दिला," ते म्हणाले. "त्यानं सोडला तेव्हा मी धरला नव्हता, मी धरला तेव्हा त्यानं सोडला नव्हता. चाकू आधी एका सडक्या पायातून निघालेला. महिनाभर हात कोपरापर्यंत सुजला होता. कापायचं ठरलं होतं, पण कापणाराच तापानं पडला, म्हणून हात वाचला."

तेव्हापासून ते तबक. त्यांचा नियम असा की धार एका हातातून दुसऱ्या हातात जायची नाही, मध्ये तबक पाहिजे. ठेवणाऱ्यानं हात काढून घेतल्याशिवाय उचलणाऱ्यानं हात घालायचा नाही. आणि तबकात एका वेळी धार एकच. शेजारी दुसरी दिसली की ते म्हणत, "एका म्यानात दोन सवती कशाला?" यातली म्यान आणि सवती यांची जोडी मला कधी उमगली नाही, पण दुसरी धार मी मुकाट्यानं उचलायचो.

बाकी शिकवणी सुद्धा अशीच. उघडा चाकू घेऊन चालायचं झालं तर टोक खाली, हात मांडीला लावून, आणि तोंडानं मोठ्यानं "धार!" म्हणायचं, म्हणजे समोरचा बाजूला होतो. चिमटा दोन बोटांत पेनासारखा धरायचा, मुठीत चिमणी पकडल्यासारखा नाही. कात्रीत अंगठा आणि अनामिका घालायची, मधलं बोट कडीला टेकू, तर्जनी बिजागरीवर. खोली बघायला सळई जखमेत घालायची ती ढकलायची नाही, तिच्या वजनानं जाऊ द्यायची. ती अडली की आपण थांबायचं. हस्तिदंती मुठीचा चाकू उकळत्या पाण्यात टाकायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्यामुळे झाला. मी तो टाकला होता. मूठ एकीकडे आणि पातं एकीकडे अशी फारकत झालेली पाहून बाबांनी पातं उचललं आणि मूठ माझ्या हातात ठेवून म्हणाले, "ही तुझ्याकडे राहू दे. हिच्यानं तू कुणाला कापू शकणार नाहीस."

सगळ्यात अवघड धडा म्हणजे निसटलेलं हत्यार झेलायचं नाही. हात आपणहून पुढे जातो, ती सवय मोडावी लागते. हत्यार निसटलं की दोन्ही हात वर आणि पाय मागे. बाबांनी मला हे बोथट सळयांवर शिकवलं. बोलता बोलता मध्येच एखादी टेबलाच्या कडेवरून ढकलून देत, आणि मी झेलली की बोटांवर दुसरीनं फटका. महिनाभरात मी असा तयार झालो, की एका रविवारी कल्याणला आईच्या हातून कढवलेल्या तुपाचा गडू निसटला आणि मी शेजारीच असून दोन्ही हात वर करून दोन पावलं मागे सरलो. आई तुपाकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली. "दवाखान्यात हे शिकवतात का रे?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस तिनं मला कोरडी पोळी वाढली.

वर्ष गेलं आणि माझ्या मनात बाबांविषयी एक ठाम समजूत बसली. ते काम करताना हाताकडे बघतच नसत. मान वर, नजर खिडकीबाहेर तलावाकडे, आणि बोटं कपाटातून बरोबर हवी ती वस्तू काढणार. मला वाटायचं, ही उस्तादाची ऐट. मी पण आरशासमोर तशी मान वर करून बघितली होती. त्या नादात दाढीचा साबण डोळ्यात गेला.

एके दुपारी डॉक्टर कळव्याला रोगी बघायला गेले असताना चेंदणीची जमनाबाय आली. कोळीण, धिप्पाड, तळहातात मासे धरायचा गळ आरपार रुतलेला. मी लगेच गळाची दोरी धरून मागे ओढायला गेलो. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या कानाखाली दिली.

"आरं मेल्या, त्याला उलटा काटा हाय! मास सुटत नाय त्याच्यातून, माजा हात सुटंल व्हय?"

बाबा हसत उठले. "बाय, हा पंत आहे. यानं मासा कधी ताटातही बघितलेला नाही, गळ कुठला बघणार? बस तू."

त्यांनी तिचा हात मांडीवर घेतला, बोटांच्या टोकांनी गळ चाचपला, आणि नेहमीसारखी नजर तलावाकडे लावून गळ मागे न घेता पुढेच ढकलला. टोक कातडीतून वर आलं, पकडीनं उलटा काटा छाटला, आणि उरलेली गुळगुळीत तार आल्या वाटेनं अलगद मागे काढली. जमनाबाय ओरडली नाही. ती सबंध वेळ बाबांच्या तोंडाकडे बघत होती. पट्टी बांधून झाल्यावर ती मला म्हणाली,

"बाबाचे डोल्यांत पडदा हाय. मोती आलाय. तुमाला ठाव नाय?"

"छे," मी म्हणालो. "ते मुद्दामच बघत नाहीत."

"मुद्दाम?" ती हसली. "माजा सासरा बी असाच मुद्दाम खाडीत पडला."

ती गेल्यावर बाबा बराच वेळ तबक पुसत बसले. ते स्वच्छच होतं.

"बाबा, ती म्हणाली ते..."

"डाव्यानं काही दिसत नाही. उजव्यानं उजेड कुठे आहे ते कळतं," ते म्हणाले. "हत्यारं आपापल्या घरात असली की मला डोळे लागत नाहीत. साहेबांना सांगणार आहेस?"

"नाही."

"सांगितलंस तर मला घरी बसवतील. ओसरीवर बसून मी काय करू? कोंबड्या हाकू? आणि नाही सांगितलंस तर एखाद्या दिवशी माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होईल. मी रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. मग कपाट उघडतो, सगळं जागच्या जागी हाताला लागतं, आणि म्हणतो, उद्या."

मी सांगितलं नाही. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी मदत केली.

मदत अशी. पुढच्या सोमवारी ते यायच्या आधी मी हत्यारांचं टेबल सरकवून खिडकीखाली नेलं, भरपूर उजेडात. आणि चाकू ओळीनं लावताना त्यांच्या मुठी चकचकीत दिसतील अशा उजेडाकडे केल्या. म्हणजे बाबा ज्या बाजूला उभे राहत तिकडे सगळी पाती. काम करून मी इतका खूश झालो, की स्वतःलाच एक पान लावून दिलं.

डॉक्टरांनी चाकू मागितला. बाबांनी मान वर करून हात घातला आणि पातं मुठीत धरलं.

ते ओरडले नाहीत. हात तसाच वर उचलून कारबॉलिकच्या भांड्यात बुडवला. पाणी तांबडं झालं. मग शांतपणे विचारलं, "घरं कुणी बदलली?"

"मी, बाबा. तुम्हाला नीट दिसावं म्हणून."

मी काय बोलून बसलो ते मला डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नीट दिसावं म्हणजे?" डॉक्टर म्हणाले.

रोग्याला बाहेर बसवून त्यांनी बाबांना खिडकीशी उभं केलं, पापणी वर केली, पंजा समोर धरला. "किती बोटं?"

"माणसाला पाचच असतात, साहेब."

डॉक्टरांनी तीन धरली होती. ते हसले नाहीत. बाबांच्या कापलेल्या बोटांना स्वतः टाके घालून ते म्हणाले, "एलोजी, मोती पिकलाय. डोळ्यात थेंब घालून बधिर करायचं औषध आता मुंबईहून येतं. मी काढतो. नाहीतर मात्र किल्ली ठेवा. माझ्या रोग्यांचा खेळ मी होऊ देणार नाही."

बाबांचं भय मला ठाऊक होतं. डोळ्याची पट्टी उघडल्यावर हसणारी माणसं त्यांनी पाहिली होती, तशी पट्टी उघडल्यावर डोळ्याचं पाणी झालेलीही पाहिली होती. डावा डोळा कित्येक दिवसांपूर्वीच विझलेला, त्याच्यावर डॉक्टरांचा भरवसा नव्हता. राहिला उजवा. तो गेला तर उजेड कुठे आहे हेही कळणार नव्हतं. ते चार दिवस आले नाहीत. त्या चार दिवसांत मी किल्ली सांभाळली आणि कपाट उघडताना प्रत्येक वेळी मला स्वतःला त्यात कोंडून घ्यावंसं वाटलं.

रविवारी सकाळी ते बायकोचा हात धरून आले. साराबाई ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ. मला बघून म्हणाल्या, "हाच का तो उजेडवाला?"

"साहेब, करा," बाबा म्हणाले. "पण तबक हा पंत लावील."

डॉक्टर चकित झाले. "हा? ज्यानं तुमची बोटं कापली?"

"यानं घरं बदलून बघितली आहेत. आता मेला तरी बदलणार नाही. नवा माणूस आणाल तर त्याला ते अजून बदलून बघायचं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. रविवारी दुपारभर बाबांनी मला समोर बसवून घेतलं. डोळ्याची हत्यारं म्हणजे सोनाराच्या दुकानातली वाटावीत अशी. पापण्या उघड्या ठेवायची तार, बुबुळ धरायचा बारीक दातांचा चिमटा, गवताच्या पात्यासारखा अरुंद चाकू, मोती बाहेर आणायचा चमचा.

"उद्या तबक फक्त मांडायला," ते म्हणाले. "द्यायचं हातात."

मला वाटलं, भीतीनं त्यांचं डोकं फिरलं. "हातात? बाबा, तुम्हीच..."

"साहेबांची नजर माझ्या डोळ्यावरून तसूभर हलता कामा नये. तबकाकडे बघायला मान वळवली, की आतल्या आत टोक सरकेल. मध्ये तबक असतं ते दोघांनाही बघायला सवड असते तेव्हा. उद्या एकालाच बघता येणार आहे. दुसऱ्यानं समजून द्यायचं." त्यांनी आपला उजवा तळहात पुढे केला, बोटांना टाके घातलेला. "दे."

बोथट सळई घेऊन मी संध्याकाळपर्यंत त्यांच्या तळहातावर ठेवत राहिलो. मूठ पुढे. पातं खाली, माझ्या बोटांच्या मागे. नुसतं टेकवायचं नाही, जरा दाबायचं, म्हणजे घेणाऱ्याला कळतं. आणि त्यानं धरून ओढल्याशिवाय सोडायचं नाही. मी शंभर वेळा तरी चुकलो असेन. कधी लवकर सोडली, कधी सोडलीच नाही, आणि एकदा आम्ही दोघं सळई दोन्ही टोकांनी धरून रस्सीखेच केल्यासारखे बसलो. साराबाई दारातून म्हणाल्या, "देवा रे, याच्या हातात डोळा देताय?"

"त्याच्या हातात नाही," बाबा म्हणाले. "त्याच्या हातून."

सकाळी त्यांना टेबलावर निजवलं. तोंडातल्या तोंडात ते आपली प्रार्थना म्हणत होते, ती थेंब घालेपर्यंत चालू होती. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. पण कान कोण बंद करणार? मी तबकात एकेक हत्यार ठेवायला लागलो, तशी चादरीखालची ती न वाकणारी तर्जनी वर झाली आणि डावीकडून उजवीकडे हलली. मी पाहिलं. चमचा चिमट्याच्या आधी पडला होता. आवाजावरून ओळखलं त्यांनी. मी जागा बदलली. तर्जनी खाली गेली.

डॉक्टरांनी हात पसरला. मान वळली नाही. मी चाकू उचलला, आणि माझी आई, माझा पहिला आठवडा, सगळं एकदम आठवलं. मूठ पुढे. दाबून. त्यांनी धरला, ओढला, मी सोडला. पुढचं मी पाहिलं नाही. मी फक्त डॉक्टरांचा तळहात बघत होतो. तो उघडला की द्यायचं, मिटला की सोडायचं. जगात दुसरं काही उरलं नव्हतं. शेवटी त्या तळहातानं माझ्या हातात काहीतरी परत ठेवलं, तो चमचा होता, आणि त्यात मसुरीच्या डाळीएवढा पिवळसर दाणा.

"आला," डॉक्टर म्हणाले.

चादरीखालची तर्जनी जराशी हलली. ती "मोज" म्हणत होती. मी हत्यारं मोजली. सगळी होती.

आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. साराबाई चमच्यानं पेज भरवत आणि बाबा चमचा दातांवर वाजला की तक्रार करत, की त्या तो नीट धरत नाहीत. नवव्या दिवशी पट्टी सुटली. खिडक्यांना कांबळी लावलेली, मिणमिणता उजेड. डॉक्टर वाकून बघत होते. मी मागे भिंतीला चिकटून उभा होतो.

"काही दिसतंय, एलोजी?"

बाबांनी डोळा बारीक करून समोर पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, तुमच्या मिशा कधी पिकल्या?"

डॉक्टर मोठ्यानं हसले आणि मग चष्मा काढून पुसत खिडकीकडे गेले. साराबाई रडत रडत मला म्हणाल्या, "मेल्या, आता तरी खाली बस."

मुंबईहून बाबांचा जाड भिंगांचा चष्मा आला तेव्हा साराबाईंनी केलेला नवस फेडला. त्यांच्याकडे एलियाहू नबीच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. डॉक्टरांना आणि मला बोलावणं होतं. मी जाऊन बसलो, हे आईला तिच्या अखेरपर्यंत कळलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, प्रार्थना झालेली, आणि मधोमध मलिद्याचं मोठं ताट. बाबा पाटावर बसले होते, चष्म्यामागे डोळा पेढ्याएवढा दिसत होता, आणि ते प्रत्येक गोष्टीकडे नव्यानं बघत होते. बायकोच्या लुगड्याच्या काठाकडे, नारळाच्या तुकड्याकडे, छताच्या वाशाकडे.

त्यांनी मला जवळ बोलावलं. पाहुण्यांना सांगितलं, "हाच तो. याच्याच हातून माझा डोळा आला." सगळी माणसं मान वळवून माझ्याकडे बघू लागली. मी जरा ताठ झालो, थोडासा लाजलो, आणि प्रसादासाठी दोन्ही हात पुढे केले.

मलिद्याची मूठ माझ्या तळहाताशी येऊन थांबली. बाबांनी दुसऱ्या हातानं माझी बोटं धरली, चष्म्याजवळ ओढली, एकेक उलटीसुलटी करून पाहिली.

"ही नखं घेऊन आला होतास माझ्या डोळ्याशी?" ते म्हणाले. "बरं झालं, मला तेव्हा दिसत नव्हतं."